दुतोंड्या मारुतीवरून काय कळतं, काय कळत नाही

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नाशिकमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी रामकुंडाजवळ पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघा, कंबर, छाती. डोक्याशी पोचलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायला घेतात. आणि मग कुणीतरी म्हणतंच, "१९६९ला केवढा पूर आला होता! तेव्हा कुठं होतं ग्लोबल वॉर्मिंग?"

प्रश्न रास्त आहे. "शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून" हे त्याचं उत्तर नव्हे.

दुतोंड्या मारुती नदीची पातळी दाखवतो, आणि पातळी एकट्या पावसावर ठरत नाही. वरच्या अंगाचं गंगापूर धरण किती भरलेलं होतं, विसर्ग किती क्युसेकने आणि कधी वाढवला, खालच्या नाल्यांचं पाणी त्याच वेळी आलं का, पात्रात गाळ आणि बांधकाम किती, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. तोच पाऊस जुलैच्या सुरुवातीला पडला तर धरणात मावतो. सप्टेंबरमध्ये भरलेल्या धरणावर पडला तर रामकुंडावर येतो. म्हणून मारुतीच्या छातीला लागलेलं पाणी हवामान बदल सिद्धही करत नाही आणि खोडूनही काढत नाही. दर पुरानंतर "हा घ्या पुरावा" असं लिहिणारेही इथं चुकतात.

माणसाचा हात शोधायचा तो पावसात. हवा एक अंश सेल्सियसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. समजा २०० मिलिमीटरच्या पावसात तेवढीच भर पडली, तर १४ मिलिमीटर वाढले. एका चौरस किलोमीटरवर ते होतात १ कोटी ४० लाख लिटर. पण हे रोज घडत नाही. ढग वर चढून बाष्प पिळून काढणारी स्थिती असेल त्याच दिवशी ही भर खाली येते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस मात्र घटला.

पण तापमानवाढ माणसामुळेच कशावरून? ती सूर्यामुळे असती तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय, आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर नेमकं हेच व्हायला हवं.

आता १९६९. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या २०२१च्या अहवालानुसार, जमिनीवर पूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा होणारी अतिवृष्टी आता सुमारे १.३ पट वेळा होते. म्हणजे शंभर वर्षांत दहाऐवजी तेरा वेळा. त्या दहा आधीही होत्याच. वरच्या तीन कोणत्या, हे एका गावात एका आयुष्यात ओळखता येणार नाही, म्हणून शेकडो केंद्रांच्या नोंदी एकत्र लावाव्या लागतात. एखाद्या घटनेपुरतं तपासायचं तर संगणकी प्रारूप दोनदा चालवतात: एकदा आजच्या हवेवर, एकदा कारखानदारीआधीच्या, कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम (दहा लाख भागांत २८० भाग) असतानाच्या हवेवर. तसा पाऊस दोन्हीकडे किती वेळा पडतो ते मोजायचं.

"पण नोंदीच चुकीच्या असतील तर?" ही शंका मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण नोंदी खरंच बिघडतात. पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि आडवी सपाट हवी. झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जवळ नको, नाहीतर वाऱ्याच्या पावसात आकडा कमी येतो. नरसाळ्यात पान अडकलं तरी तेच. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. मोजपात्र दुसऱ्या मापकाचं वापरलं की सगळी वही बिघडली. नोंद सकाळी ८.३० वाजता, रोज.

सगळ्यांत फसवी चूक सुटीची. रविवारी मोजलंच नाही, सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं, की ४० आणि ३५ मिलिमीटरच्या दोन साध्या दिवसांचा ७५चा एक दिवस होतो. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५च्या पुढे जोरदार पाऊस, म्हणजे न पडलेला जोरदार पाऊस वहीत शिरला. अशा रविवारी शून्य लिहायचं नसतं. रकाना कोरा ठेवायचा आणि सोमवारच्या आकड्याशेजारी "दोन दिवसांचा" असं लिहायचं.