आधी ताट, मग आठवण

उद्या आषाढी एकादशी आहे. मी खाण्याचे विकार असलेल्या मुलामुलींसोबत काम करते, आणि माझ्या कामात हा दिवस दरवर्षी धास्तीचा असतो, कारण येथून पुढे चार महिने न जेवण्याला घरातूनच शाबासकी मिळत राहते. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि मग नवरात्र असल्यावर ज्या मुलीला जेवण टाळायचेच आहे, तिला सबब शोधावी लागत नाही. घरातले बाकीचे लोक ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या न्यायाने साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खात असतात, ही मात्र दोन खजुरांवर दिवस काढते, आणि आजी तिच्या निग्रहाचे कौतुक करते. लहान मुले आणि आजारी माणसे यांना उपवासातून परंपरेनेच सूट दिलेली आहे, हे आजीला सांगितले की ती बहुधा ऐकते. आई-वडिलांपेक्षा लवकर ऐकते, असा माझा अनुभव आहे.

आज आलेली मुलगी अकरावीत आहे (ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील येथे बदलले आहेत). वडिलांचा पहिलाच प्रश्न होता, “एकदा मूळ कारण सापडलं की ही जेवायला लागेल ना?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो, आणि या क्षेत्रातील काही मंडळींचाही तसाच विश्वास असतो. मला तो पटत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचे निरीक्षण केले होते. युद्धात लढण्यास नकार दिलेले हे स्वयंसेवक शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणूनच निवडलेले होते. वजन सुमारे चतुर्थांशाने घटेपर्यंत ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, एकेक जेवण तासन्‌तास चघळू लागले. त्यांच्या भूतकाळात काही दडलेले होते म्हणून हे घडले नाही. ते उपाशी होते म्हणून घडले. उपाशी मेंदूला जुनी जखम उकरायला लावणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. आठवण सोसायलाही अंगात ताकद लागते.

वडिलांना मी हेच सांगितले, आणि त्यासोबत दुसरी गोष्टही सांगितली, की आता उत्साहाच्या भरात लगेच तूप-पुरणपोळीचा मारा करायचा नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयावर बेतू शकते, म्हणून रक्ततपासणी आणि बालरोगतज्ज्ञांची देखरेख आवश्यक असते. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, तर समुपदेशनाची वेळ पाळत बसायचे नसते, रुग्णालयात दाखल करायचे असते.

आघात आणि उपासमार यांची गाठ मात्र खरी आहे, जरी खाण्याच्या प्रत्येक विकारामागे अत्याचार असतोच असे मुळीच नाही. ज्या मुलांवर अत्याचार झालेला असतो, त्यांतील काहींना भूक उपयोगी पडते: ती सगळे बधिर करते. वजन उतरते, पाळी थांबते, शरीर पुन्हा लहान मुलासारखे दिसू लागते, आणि लहान दिसण्यात त्यांना सुरक्षितता वाटते. ओकारी काढणाऱ्या मुलीला त्यानंतर काही काळ मोकळे वाटते. मुलगे याच कारणासाठी व्यायामशाळेत स्वतःला झिजवतात, आणि त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहतही नाही.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित उपचारपद्धती जेवणाची सूत्रे काही काळ पालकांच्या हाती देते. ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या धास्तीने स्वतःला उपाशी ठेवण्याचा विकार) झालेल्या किशोरवयीन मुलांसाठी ती मला सर्वांत भरवशाची वाटते आणि मी तिचाच आधार घेते. पण तिच्यात एक गृहीतक आहे, ते म्हणजे ताट वाढणारा माणूस त्या मुलासाठी सुरक्षित आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले, त्यांतील पहिला सुरक्षिततेचा आहे. ज्याच्या पावलांचा आवाज ऐकून पोरीच्या पोटात गोळा येतो, त्यालाच शेजारी बसवून “संपव ते” म्हणायला लावले, तर उपचारच अत्याचाराचे रूप घेईल. म्हणून ताटात काय असावे, हे ठरवण्याआधी जेवायला कोण कोठे बसते, हे मी मुलांकडून कागदावर काढून घेते. आजच्या मुलीने पाच जणांच्या घरात चारच पाने मांडली.

अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मी गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, काही उघड होण्याआधी सांगते. २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, की ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हे ऐकून काही मुले आठवडेच्या आठवडे गप्प होतात. तरीही ही मर्यादा न सांगता त्यांच्याकडून माहिती काढून घेणे मला विश्वासघातासारखे वाटते, कारण त्यांच्याशी तसे एकदा होऊन गेलेले असते.

तिने आज तेवढे ऐकून घेतले आणि विचारले, “मॅडम, पोलीस युनिफॉर्ममध्ये येतात का?” मी सांगितले, की जबाब घेणारे अधिकारी गणवेशात नसावेत, शक्यतो महिला अधिकारी असावी, आणि जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, असे कायद्यातच लिहिलेले आहे. घरीच नको, एवढेच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यातील भेटीपर्यंत आता थांबता येणार नाही. उद्या सकाळी तिला फक्त आईबरोबर बोलावले आहे, आणि आईला नाश्त्याचा डबा आणायला सांगितला आहे. तो आमच्यासमोर खाऊन झाल्यावर आधी मी तिच्याशी एकटीशी बोलणार आहे. कायदेविषयक मदत करणाऱ्या सहकारी मैत्रिणीलाही दहा वाजता यायला सांगून ठेवले आहे.