शेल स्क्रिप्टमधला ऑगस्ट

बॅकअप फाइलच्या नावात दिवस-महिना-वर्ष असा क्रम ठेवला, तर यादीत १ जानेवारीला खेटून १ फेब्रुवारी येते. म्हणून मी आयएसओ ८६०१ मानकाप्रमाणे २०२४-०८-०९ असेच लिहितो. खरी अडचण हिशेबात येते. तारीख सांगणाऱ्या 'डेट' आज्ञेने दिलेला ०८ हा महिना बॅशच्या (संगणकाला टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या शेल या प्रोग्रामच्या एका प्रकाराच्या) अंकगणितात घातला, की सुरुवातीच्या शून्यामुळे बॅश ती संख्या अष्टमान, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरणाऱ्या, पद्धतीची समजते आणि त्या पद्धतीत ८ हा अंकच नसल्याने त्रुटी दाखवते. जुलैअखेरपर्यंत बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट, म्हणजे अशा आज्ञांची फाइल, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अडते आणि ऑक्टोबरात आपोआप सुरळीत होते, हे मला अधिक घातक वाटते, कारण मग मूळ कारण कोणी शोधतच नाही. संख्येआधी दहा आणि हॅशचे चिन्ह लिहावे, म्हणजे ती दशमान मानली जाते.