दोन सेलची बॅटरी

मे महिन्यातली दुपार. जेवणं उरकलेली, ओटा पुसलेला, आणि कुणी कुणाला हाक मारू नये अशी ती वेळ. भाचीचा मुलगा सुट्टीला आलाय, वय वर्षं नऊ. फरशीवर पालथा पडून पुस्तक वाचत होता. आंबा कापू का, म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "हं" असं उत्तर आलं, पण त्या "हं"मध्ये आंबाही नव्हता आणि मीही नव्हते. तो कुठल्या तरी गुहेत होता. थोड्या वेळानं गुहेतून बाहेर येऊन उठून बसला.

"माऊआजी, तुझ्याकडे बॅटरी आहे?"

"मोबाईलला आहे की."

"ती नको. खरी."

"का रे? उजेड तर तोच."

"मोबाईल असला की आई फोन करते."

मी गप्प बसले. मुलं साहसकथा का वाचतात यावर मोठी माणसं परिसंवाद भरवतात. कल्पनाशक्ती, धाडस, निरीक्षण वगैरे शब्द येतात, मग चहा येतो. या पोरानं चार शब्दांत विषय संपवला होता.

बॅटरी होती. माझ्या वडिलांची, दोन सेलची, पत्र्याच्या खाचाखाचांच्या अंगाची. खालच्या खणात जुन्या चाव्या, मेणबत्तीचे तुकडे आणि कुठल्याशा मिक्सरचं गॅरंटी कार्ड यांच्याखाली सापडली. सेल आतच फुटून त्यांना पांढरट-हिरवी बुरशी आली होती, आणि मागचं झाकण काही केल्या फिरेना. ते फडक्यात धरून पिळता पिळता माझी दुपार सांगलीला गेली.

आमच्या घरी बॅटरी ही खेळायची वस्तू नव्हती. फ्यूज उडाला, परसात काही सळसळलं, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तरच ती खुंटीवरून उतरायची. सेल मंदावले की आज्जी ते गच्चीवर उन्हात ठेवायची, पापडांच्या शेजारी. त्यानं खरंच किती फरक पडायचा देव जाणे, पण संध्याकाळी उजेड जरा पिवळ्याचा पांढरा झाल्यासारखा वाटायचा खरा. आम्ही मुलं ती चोरून घ्यायचो ते पांघरुणात शिरून तळहाताखाली धरायला. हात लालबुंद दिसायचा. पुढं काय? काही नाही. पुन्हा दुसरा हात.

आणि पुस्तकातल्या पोरांकडे बघावं तर बॅटरी हातात कायमची. त्यांचे सेल कोण भरत होतं? मला तेव्हाही हा प्रश्न पडायचा, आजही पडतो. खजिना सापडला, चोर पकडले, ठीक आहे. पण पुस्तकभर जळणाऱ्या त्या सेलचे पैसे कुणी दिले? इंग्रजीतून मराठीत आलेल्या गोष्टींत तर खाण्याचीही चंगळ. पोरं गुहेत शिरण्याआधी टोपली उघडून बसायची आणि त्यात केक, मुरंबे, थंडगार आल्याचं कसलंसं पेय. आल्याचं पेय म्हणजे मला सर्दीचा काढा वाटायचा, आणि तो ही पोरं आवडीनं का पितात ते कळायचं नाही. तरी आमच्या प्रत्येक मोहिमेला मी दशम्या आणि लोणचं घेऊन निघायची ती त्यांचंच बघून. पोरांत मी एकटी मुलगी, त्यामुळं डबा माझ्याकडे हे न सांगता ठरलेलं.

मुली नकोत ही तक्रार तशी जुनीच आहे. 1881च्या पावसाळी उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन कुटुंबासह राहिला होता. बाहेर पडता येईना, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या सावत्र मुलाबरोबर रंगांचा खेळ मांडून बसला. एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' उगवलं. आधी नकाशा, मग गोष्ट. बायकांना गोष्टीत जागा नाही, हेही तेव्हाच ठरून गेलं. पुढं तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला आणि लेखकाला आपलंच पुस्तक उघडून, कुठं काय लिहिलंय ते बघत, नवा नकाशा काढावा लागला. गृहपाठाची वही हरवलेल्या मुलासारखा. पहिल्यासारखी मजा त्याला त्यात आली नाही म्हणे.

बायका नाहीत म्हणता म्हणता त्या पुस्तकात एक बाई आहेच, आणि माझं सगळ्यात लाडकं पात्र तीच. गोष्टीतल्या पोराची, जिमची आई. जुना खलाशी मेलाय, त्याची पेटी उघडलीय, समुद्री चोर कुठल्याही क्षणी दारात येतील, आणि ही बाई देशोदेशीच्या नाण्यांच्या ढिगातून खानावळीच्या थकलेल्या बिलाचे पैसे मोजून घेतेय. जेवढं येणं तेवढंच, वर एक छदाम नको. त्यातून तिला हिशेब जमतो फक्त गिनींमध्ये, आणि ढिगात गिनीच कमी! पोरगा कासावीस, ती मोजतेय. सांगलीच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी पाचाची नोट देऊन उरलेले पैसे तीनतीनदा मोजणारी माझी आई मला तिथं लख्ख दिसली. पुढं पुलापाशी ती बाई मूर्च्छित पडते आणि थोड्याच वेळात गोष्टीतून बाजूला होते. ती बाजूला झाली म्हणून तर जहाज निघालं. ती बरोबर असती तर बंदरावरच म्हणाली असती, स्वेटर घेतलास का?

आपल्या भा. रा. भागवतांनाही हे पक्कं ठाऊक होतं. आपल्या गोष्टींतल्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला त्यांनी आधी फुरसुंगीहून उचलला आणि पुण्यात शाळेच्या वसतिगृहात ठेवला. मग सायकल दिली. आता घरी 'इतका वेळ कुठं होतास' म्हणून विचारणारं कुणी नाही. तंगड्या लांब, जिभेवर 'ट्टॉक', झालं काम. वसतिगृहात राहायला मिळणं ही आम्हाला तेव्हा चैन वाटायची. प्रत्यक्षात वसतिगृहात राहिलेला माझा आत्तेभाऊ तिथल्या आमटीबद्दल जे सांगायचा त्यावर आम्ही विश्वास ठेवत नव्हतो.

फुरसुंगी हे गाव भागवतांनी मनानं रचलं असावं अशी माझी खात्री होती. नावच तसं. त्यात फुर्र आहे, शिंग आहे, थोडी चुटकी आहे. मग एकदा सांगलीहून पुण्याला मावशीकडे निघालो होतो. पुणं जवळ आलं म्हणून आईनं पिशव्या खाली काढायला घेतल्या, आणि गाडी सिग्नलला रखडली. खिडकीतून पाहते तर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत फुरसुंगी. मी किंचाळलेच. आईला वाटलं बोट दारात चेमटलं. एक फलाट, दोन झाडं, बाकावर झोपलेला एक माणूस, आणि एकही सायकल नाही. मी डोळे फाडून बघत होते, पण कुणीच कुणाचा पाठलाग करत नव्हतं. तरी हिरमोड झाला नाही. उलट अंगावर काटा आला. गाव खरं आहे म्हणजे बाकीचंही खरं असणार, असा तो हिशेब. पुढं फुरसुंगीचं नाव पेपरात यायला लागलं ते कचरा डेपोच्या भांडणात. त्या बातम्या मी नेटानं वाचत नाही.

तर गाव खरं निघाल्यावर आम्हाला भुयारं दिसायला लागली. महाराष्ट्रात भुयार नाही असं गाव नाही. प्रत्येक वाड्याखालून ते निघतं आणि थेट जवळच्या किल्ल्यावर किंवा देवळात जातं. ते कुणाच्या तरी पणजोबांनी पाहिलेलं असतं, आणि 'आता बुजवलंय' हे तर ठरलेलंच. सोडलेली कोंबडी दुसऱ्या टोकाला निघाली होती, अशीही एक साक्ष असते. आमचं भुयार हरिपूरला होतं.

हरिपूर सांगलीला खेटूनच. झाडांच्या सावलीतला रस्ता, शेवटी संगमेश्वराचं देऊळ, आणि कृष्णा-वारणेचा संगम. नदीत मगर आहे असं आज्जी म्हणायची. ते खरंही होतं, पण ती ते आम्हाला लवकर घरी आणायला वापरायची, म्हणून आम्ही मानायचो नाही. त्या गावाच्या जमिनीत हळदीची पेवं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांनी डोळ्यांपुढं सुरई आणावी. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली दोन-तीन पुरुष खोल, फुगत गेलेलं पोट. तिथली मातीच अशी की आत ओल धरत नाही. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं, की माल वर्षानुवर्षं टिकतो. वरून चालणाऱ्याला कळतही नाही आपल्या पायाखाली कुणाची हळद आहे. 2005च्या पुरात त्यातली कित्येक गेली.

आम्हाला हे काही माहीत नव्हतं असं नाही. पण नकाशा काढून झाला होता, आणि नकाशात ते भुयार होतं, थेट मिरजेच्या किल्ल्यापर्यंत. मध्ये आडवी नदीही येत नाही, हे दादानं तपासून पाहिलं होतं.

सन 79-80 असेल. दादा, त्याचा एक वर्गमित्र, शेजारचा बारक्या आणि मी. सुतळीचं एक भेंडोळं, दशम्या, लोणचं, आणि दुपारच्या झोपेत घर असताना खुंटीवरून उतरवलेली बॅटरी. ती माझ्या वडिलांची, म्हणून धरणार मी. एवढ्या एका अटीवर मी डबाही उचलला होता. चालत गेलो. एका शेडच्या कडेला पेवाचं तोंड नुकतंच उघडलेलं दिसलं, फोडलेली माती बाजूला पडलेली, आणि आसपास कुणी नाही. कडेला पालथे पडून आम्ही आत पाहिलं. हळदीचा वास नाकात घुसला, उग्र, कोंडलेला. मी बॅटरी लावली. उजेड खाली गेला, पिवळ्या भिंतीवरून फिरला, आणि पोटाच्या एका बाजूला काळोख तसाच राहिला. तेच भुयाराचं तोंड, यावर चौघांचं एकमत झालं. बारक्या सगळ्यात लहान आणि हलका. सुतळी त्याच्या कमरेला बांधायची ठरलं. तो तयार होता. तो कशालाही तयार असायचा.

"काय करायलाय रं तितं?"

म्हातारा हमाल होता. डोक्याला फडकं, हातापायांच्या रेघांत हळद बसलेली. मार बसणार म्हणून आम्ही उभे राहिलो. त्यानं मारलं नाही. सुतळीकडे पाहिलं, बारक्याच्या कमरेकडे पाहिलं. मग काही न बोलता शेडमध्ये गेला, कंदील आणला, भर उन्हात तो पेटवला, दोरीला बांधला आणि पेवात सोडला.

"बगा."

आम्ही पुन्हा पालथे पडलो. कंदील हलत हलत खाली गेला. वारा नव्हता. तळाच्या बराच वर ज्योत बारीक झाली, निळसर झाली, आणि गेली.

"आत हवा न्हाई," म्हातारा म्हणाला. "हळद समदी खाती. उगडून ठेवायचं, कंदील जळाय लागला की मगच मानूस उतरवायचा. माजा भाव इचारल्याबिगर उतरला हुता."

भावाचं पुढं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. त्यानं कंदील वर ओढला, दोरी गुंडाळली. आमच्या डब्याकडे बघून जेवून जा म्हणाला. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. त्या सगळ्या संपल्या हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण खरंच संपल्या. घरी कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बॅटरी दिवेलागणीच्या आत खुंटीवर होती.

पुढं कॉलेजात, भलत्याच तासाला, भलत्याच विषयात, मला एकदम सुचलं आणि हातातलं पेन तसंच राहिलं. पुस्तकातल्या प्रत्येक पोराकडे असते ती बॅटरी. त्या पेवात ती विझली नसती. तळापर्यंत लख्ख जळत गेली असती, बारक्याबरोबर.

झाकण शेवटी फिरलं. कुजलेले सेल कागदात गुंडाळून टाकले, आतली स्प्रिंग पॉलिशपेपरनं घासली. पोरगा शेजारी उकिडवा बसून बघत होता. मोहीम कुठं आहे ते त्यानं मला आधी सांगितलं नाही, मग सांगितलं. बिल्डिंगच्या खाली, पार्किंगच्या मागं, पंपाच्या खोलीपलीकडे. तिथं एक लोखंडी झाकण आहे आणि त्याच्या मते त्याखालून रस्ता जातो.

"कुठं जातो?"

"ते बघायचंय ना."

सेल आणते म्हटलं. निघताना आईला सांगू नकोस, असं त्यानं बजावलं. मी बरं म्हटलं. जिन्यानं खाली उतरले, पार्किंगच्या मागं गेले. पाण्याच्या टाकीचं झाकण होतं. कुलूप होतं, पण नुसतं अडकवलेलं. वॉचमनला उठवला, ते दाबून बसवायला लावलं, हातानं दोनदा ओढून पाहिलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दोन मोठे सेल मागितले.