केंटकीतल्या जमिनीचं पहिलं पेटंट शोधताना

लेक्सिंग्टनजवळ थोडी जमीन घेतली आणि तिचा पहिला मालक कोण, हे हुडकायची हुक्की आली. गावाकडे सातबारा-फेरफारात वाढलेला माणूस, गप्प कसा बसणार! खरेदीखतं पटापट सापडली. १८०० च्या आसपास माग थांबला. सर्वांत जुन्या खतात विकणाऱ्याचं नाव होतं, पण पेटंटांच्या, म्हणजे सरकारनं जमीन पहिल्यांदा कुणाच्या मालकीची करून दिली त्या सनदांच्या, यादीत ते नाव नाही.

काउंटी ऑफिसातल्या बाईंचं एकच पालुपद : "यादीत नाव नाही म्हणजे पेटंट नाही." मी म्हटलं, पेटंट नसेल तर यानं विकलं काय? "ते आम्ही सांगत नाही." मागच्या कपाटातली जुनी मोजणीची वही दाखवा म्हटलं, तर आधी वहीचा नंबर आणा म्हणे. नंबर वही पाहिल्याशिवाय कळणार कसा? वर लंच टाइम. अजून आठवलं की डोकं तापतं.

त्या बाईंना कुणीतरी १७७९ चा व्हर्जिनियाचा कायदा वाचून दाखवायला हवा. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं. १ जानेवारी १७७८ पूर्वी येऊन वर्षभर राहिलेल्याला किंवा मक्याचं एक पीक घेतलेल्याला ४०० एकर, शिवाय लगतच्या १००० एकरांवर पहिला हक्क. आधी सर्टिफिकेट किंवा वॉरंट (इतकी जमीन घ्यायचा हक्क देणारा कागद), मग एंट्री (नेमकी कुठली जमीन हवी त्याची नोंद), मग मोजणी आणि शेवटी पेटंट. यातला कुठलाही कागद मध्येच विकता यायचा! म्हणजे राबला एक, मोजणी त्याच्या नावाची आणि पेटंट भलत्याच्याच नावावर.

शेवटी मी नाव सोडलं आणि जमिनीजवळचा ओढा धरला. त्या ओढ्यावरच्या सगळ्या मोजण्या ऑनलाइन चाळल्या. शेजारच्या एका मोजणीत आमच्या माणसाच्या हद्दीची खूण म्हणून लिहिलेलं शुगर मेपलचं झाड सापडलं. त्यावरून त्याचा नकाशा आणि नकाशाच्या पाठीवर दोन ओळी : ही मोजणी अमक्याला दिली. तो अमका यादीत होता! पुढे त्यानंच निम्मी जमीन मूळ माणसाला परत लिहून दिली होती. काउंटरवर नेऊन दाखवलं. बाई म्हणाल्या, "ओके." बस्स.

तेव्हा स्कॅन मागाल तर दोन्ही बाजूंचा मागा.

ओहायो नदीपलीकडे बहुतेक ठिकाणी सहा-सहा मैलांचे चौरस आखलेत, तिथे हा ताप कमी. आमच्याकडे हक्कावर हक्क चढलेले. केंटकीत वस्ती वसवणारा प्रसिद्ध डॅनियल बून स्वतः मोजणी करायचा, त्याच्याही जमिनी गेल्या. लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडलं, त्यामागेही मुख्यतः मालकीचे घोळच.

या जुन्या मोजण्यांत अंतरं 'पोल'मध्ये असतात, एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोलांची साखळी ३३ फुटांची, म्हणजे आपल्या गुंठ्याची बाजू! हे कळल्यावर नकाशा वाचणं मला एकदम सोपं गेलं. मात्र जुन्या दिशा तेव्हाच्या होकायंत्राच्या आहेत. चुंबकीय उत्तर सरकलीये, त्यामुळे आजच्या नकाशावर त्या तशाच टाकल्या तर कुंपण शेजाऱ्याच्या गोठ्यात जाईल.