तुम्ही विचारलंत म्हणून: उशीखालची पोळी

‘वृद्धाश्रमातल्या जेवणाच्या तक्रारी खऱ्या असतात, की नुसती म्हाताऱ्यांची कुरकुर?’ ज्येष्ठ नागरिक संघाकडून मी अशा तक्रारी बघायला जाते, हे कळलं की पहिला प्रश्न हाच येतो. वॉर्डात 32 वर्षं नर्स म्हणून काढली आहेत, कुरकूर मला नवी नाही. तक्रार बहुधा खरी असते. फक्त दुखणं एकीकडे असतं आणि बोट दुसरीकडे ठेवलेलं असतं.

गेल्या वर्षी एका आश्रमाबद्दल निरोप आला, ‘आत्याला उपाशी ठेवतात.’ तक्रार भाचीची. (ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8, मोफत. इथे तो नंबर भिंतीवर ठळक रंगवलाही होता. फोन मात्र व्यवस्थापकांच्या टेबलावर!) आम्ही जेवणाच्या वेळी पोचलो. वरण-भात, मऊ पोळ्या, दुधी, कोशिंबीर. व्यवस्थापकांसमोर सगळे ‘छान आहे हो’ म्हणाले, आणि जेवण छानच होतं. किराणा मालाची वही बघितली, तेलाचे डबे मोजले. हिशेबात खोट नव्हती.

मग आत्यांच्या, म्हणजे आजींच्या, खाटेवर जाऊन टेकले. उशी जरा सरकली तर खाली वर्तमानपत्राची पुडी. आत घडी घातलेली अर्धी पोळी, कडा पापडासारख्या वाळलेल्या.

‘माझी नाही, शेजारणीची आहे,’ आजी घाईघाईनं म्हणाल्या. शेजारची खाट रिकामी होती.

‘कधी खाते शेजारीण?’

‘पहाटे. हात थरथरतात, घाम सुटतो. तुकडा चघळला की बरं वाटतं.’

आजींना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. जिन्यापाशी वेळापत्रक लावलेलं: रात्रीचं जेवण 6, नाश्ता 8.30. मध्ये साडेचौदा तास! का, तर स्वयंपाकाच्या बाईंची शेवटची एसटी पावणेसातला. संध्याकाळची गोळी आपलं काम करत राहणार आणि पोट रिकामं. पहाटे साखर उतरेल नाहीतर काय? ताटात खोट नव्हती, ती घड्याळात होती. दुपारी बारा वाजता तपासणीला जाणाऱ्याला ती सात जन्मात दिसायची नाही.

तिथेच एका आजोबांनी ‘जेवण बेचव’ म्हणून चिठ्ठी दिली. चार जणांना रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलेलं, आणि पातेली दोन करायचा कंटाळा. म्हणून 35 जणांना अळणी. आजोबांचा रक्तदाब माझ्यापेक्षा बरा होता!

वजनाची वही मागितली तर व्यवस्थापक माझ्याकडे बघतच राहिले. वही नव्हती, काटाही नव्हता. महिन्याभरात वजन 5 टक्के उतरलं, तर वॉर्डात आम्ही लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायचो. इथे ब्लाउज सैल झाले की कळणार. माणूस वाईट नव्हता. त्याच्या लेखी ताट वाढलं की काम संपलं. आमच्याच सोसायटीतला एक जुना काटा नेऊन दिला. आजी 38 किलो भरल्या.

तीन महिन्यांनी परत गेलो. जेवण साडेसातला, झोपताना कपभर दूध, स्वयंपाकाच्या बाईंना सोडायला रिक्षा लावलेली. आजी काट्यावर चढल्या: साडेएकोणचाळीस. उतरताना ओच्यातून वर्तमानपत्राची पुडी खाली पडली.

‘शेजारणीची,’ त्या म्हणाल्या.