शेणाचं डबकं आणि कौन्सिलची बाई

न्यूझीलंडमधल्या एका डेअरी फार्मवर कामाला आहे मी. सकाळचं मिल्किंग उरकून शेड धूत होतो तेवढ्यात गेटवर पांढरी यूट (मागं उघडा हौदा असलेली गाडी) थांबली. तपासणीला आलेली कौन्सिलची बाई. आधी फोन नाही मेसेज नाही. उतरल्या उतरल्या तिनं काय केलं तर ब्रशनं स्वतःचे गमबूट घासले, त्यावर जंतुनाशक मारलं आणि मगच आत पाऊल टाकलं. सरळ शेडचं शेणामुताचं पाणी साठवतो त्या पाँडकडं गेली, किती भरलाय बघितलं, आणि ते पाणी कुरणावर फवारत फिरणारा इरिगेटर आज कुठं चाललाय म्हणून विचारलं. माझ्या पोटात गोळा, कारण तो पठ्ठ्या रात्रीपासून एकाच जागी अडकून शेणामुताचं पाणी ओततोय हे मला दहाच मिनिटांपूर्वी कळलेलं. पंप बंद केला होता पण डबकं कुठं लपवणार!

आमच्या गावाकडच्या अंगणाएवढं हिरवट डबकं. बाईनं त्यात बूट घालून बघितला, फोटो काढले, मग उताराउतारानं चालत ओढ्यापर्यंत गेली. पाणी ओढ्याच्या दहा पावलं अलीकडं थांबलेलं. तेवढ्यावर वाचलो, नाहीतर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. तरी रिपोर्टवर नापास, तीन आठवड्यांनी परत तपासणी, आणि तिच्या फेरीचं बिल आमच्या मालकाला. हो, इथं तपासणीचे पैसे पण ज्याची तपासणी तोच भरतो.

रात्री फोनवर अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "शेण म्हंजे सोनं की रं, त्याला कसली आलीया परवानगी?"

आता गोठ्यात चार म्हशी असलेल्या माणसाला आठशे गाईंचं शेण काय असतं ते कसं सांगायचं. न्यूझीलंडमध्ये ह्या सगळ्यावर रीजनल कौन्सिल असते, रस्ते-कचरा बघणारी कौन्सिल वेगळी. १९८९ ला ह्या बनवल्या तेव्हा हद्दी बऱ्याचशा नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणं आखल्या, जे मला फार शहाणपणाचं वाटतं, आमची पंचगंगा कुठल्या एका नगरपालिकेची आहे सांगा बरं. १९९१ च्या रिसोर्स मॅनेजमेंट कायद्यानं त्यांच्या हातात पाणी, हवा, माती सगळं दिलं. बोअरमधून पाणी उपसायचं, सांडपाणी सोडायचं, तर कन्सेंट म्हणजे परवाना पाहिजे, आणि तो जास्तीत जास्त ३५ वर्षांचा.

आम्ही कँटरबरीत. इथं पाण्यावरून राजकारण एवढं तापलेलं की २०१० मध्ये सरकारनं एन्व्हायर्न्मेंट कँटरबरीचे, म्हणजे इथल्या रीजनल कौन्सिलचे, निवडून आलेले सगळे सदस्य घरी पाठवून कमिशनर बसवले, पूर्ण निवडून आलेली कौन्सिल परत यायला २०१९ उजाडलं.

पण मला खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, वेगळीच वाटते. डबकं दिसतं म्हणून सापडतं. गाय पॅडकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या कुरणात, मुतते ते कोण मोजणार? तेवढ्या एका टिचभर जागेत एवढा नायट्रोजन पडतो की गवताला तो खाऊन संपतच नाही, आणि इथली जमीन गोट्यांची, हलकी, पाऊस पडला की नायट्रेट सरळ खाली भूजलात. ते दिसत नाही म्हणून मग किती मुरतंय त्याचा अंदाज काढणारं कॉम्प्युटर मॉडेल आलं, ओव्हरसीअर नावाचं. त्याच्या आकड्यांवर नियम बांधले, आणि २०२१ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीनंच सांगितलं की ह्या आकड्यांवर एवढी भिस्त ठेवता येत नाही. त्याच वर्षी देशभर कुरणाला रासायनिक नत्राची मर्यादा घातली, हेक्टरी वर्षाला १९० किलो. त्याशिवाय फार्म प्लॅनचं, म्हणजे फार्मवर पर्यावरण कसं सांभाळणार त्या आराखड्याचं, ऑडिट, ए बी सी डी असे ग्रेड, शाळेसारखे. कागद एकदम चोख. आणि एवढं सगळं असून सप्टेंबर २०२५ मध्ये कौन्सिलनंच नायट्रेट इमर्जन्सी जाहीर केली. जमिनीत मुरलेलं वर्षानुवर्षांनी बाहेर येतं, त्यामुळं आज विहिरीत येतंय ते कुठल्या साली कुणाच्या गाईनं केलेलं, कुणाला नोटीस देणार?

आमच्या क्वार्टरला पाणी बोअरचंच. कौन्सिल तिच्या ठरलेल्या विहिरी तपासते, खाजगी बोअर ज्याचा त्यानं बघायचा. म्हणून मीच बाटली भरून लॅबला दिली. नायट्रेट-नायट्रोजन लिटरला ६.८ मिलिग्रॅम आला, मर्यादा ११.३ ची. पास. बायकोला ते पटलं नाही, तिनं महागातला फिल्टर बसवून घेतला, आणि साधा कार्बन फिल्टर नायट्रेट काढतच नाही हे आम्हाला पैसे भरून झाल्यावर कळलं.