आमची वाटचाल: 'अमीबा दिसला' असं लिहिण्याआधी

लॅब सुरू केली तेव्हा आमच्याकडे एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज आणि एक टेक्निशियन होता. चौथी मी. रक्ताच्या तपासण्या करायला सगळ्यांनाच आवडतं. स्टूलची डबी मात्र टेबलाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत राहते. बाकीची कामं उरकली की शेवटी तिची पाळी. स्लाइडवर एकीकडे सलाइनचा थेंब, दुसरीकडे आयोडिनचा, त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना, वर कव्हरस्लिप, आणि दोन मिनिटांत रिपोर्ट. पहिल्या दोन वर्षांत किती जणांना आम्ही 'ई. हिस्टोलिटिका दिसला', म्हणजे आमांश करणारा एंटामिबा हिस्टोलिटिका हा अमीबा दिसला, असं लिहून दिलं, ते मोजायची आता माझी छाती होत नाही.

तक्रार कुणाचीच नव्हती. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे, जुलाब बहुधा आपोआपही थांबायचे, श्रेय गोळ्यांना आणि थोडंसं आम्हाला.

मग एक पेशंट आला, रक्त पडणारे जुलाब आणि सडकून ताप. मी स्वतः स्लाइड पाहिली. मोठ्या गोल पेशी, काहींच्या पोटात तांबड्या पेशी. पुस्तकात लिहिलेलं असतंच, की तांबड्या पेशी गिळलेला अमीबा म्हणजे हिस्टोलिटिका. लिहून मोकळी झाले. दोन दिवसांनी ताप हटेना म्हणून डॉक्टरांनी नमुना एका मोठ्या लॅबला पाठवला. तिथे कल्चरमध्ये शिगेला हा जुलाब करणारा बॅक्टेरिया उगवला आणि रंगवलेल्या स्लाइडवर अमीबा एकही नाही. मी पाहिले होते ते मॅक्रोफेज, आपल्याच शरीरातल्या पेशी. तांबड्या पेशी त्याही गिळतात. तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी मला बोलावून ती स्लाइड दाखवली. रागावल्या नाहीत, फक्त एवढंच विचारलं, "हलताना पाहिलात का?"

पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? नमुना चार तास टेबलावर पडून होता.

आमची खरी सुरुवात मी तिथून धरते. पातळ शौचात असतो तो ट्रोफोझोइट, म्हणजे जिवंत, हलता अमीबा, आणि तो शरीराबाहेर फार टिकत नाही. म्हणून पातळ नमुना अर्ध्या तासात, अर्धवट घट्ट असेल तर तासाभरात पाहायचा. घट्ट नमुन्यात बहुतेक सिस्टच असतात, म्हणजे कवचात गुंडाळलेले, न हलणारे अमीबा, तो त्याच दिवशी पाहिला तरी चालतं. नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळलं की ट्रोफोझोइट फुटून जातात. आयोडिननेही मरतात, म्हणून हालचाल पाहायची ती सलाइनमध्येच. आम्ही काउंटरवर घड्याळ लावलं आणि डबीवर नावाआधी वेळ लिहायला सुरुवात केली. वेळेत पाहणं शक्य नसेल तर नमुन्याचा थोडा भाग लगेच फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रवात, जातो.

दुसरी खरेदी अगदी किरकोळ होती, आयपीसमध्ये बसवायची मोजपट्टी. तिच्याशिवाय आम्ही इतकी वर्षं 'मोठा', 'लहान' असं नुसत्या डोळ्यांनी ठरवत होतो. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एकेक भाग 10 मायक्रॉनचा. त्याच्याशी जुळवून पाहिलं, तर आमच्या हाय पॉवरवर आयपीसमधला एक भाग 2.5 मायक्रॉनचा निघाला. दुसऱ्या मायक्रोस्कोपवर हा आकडा वेगळा येतो, ऑब्जेक्टिव्ह बदललं की पुन्हा काढावा लागतो. आता तो प्रत्येक मायक्रोस्कोपच्या पायाला चिकटवलेला आहे.

मोजायला लागलो आणि आमचे अर्धे हिस्टोलिटिका गळून पडले. चार केंद्रकांचा सिस्ट 10 मायक्रॉनपेक्षा लहान भरला, तर तो बहुधा एंटामिबा हार्टमनाय, निरुपद्रवी. केंद्रकांत मोठा ठिपका दिसतो पण भोवती क्रोमॅटिनची, म्हणजे केंद्रकातल्या गडद कणांची, कड नाही, तो एंडोलिमॅक्स नाना. आयोडिनमध्ये तपकिरी डाग उठून दिसणारा, एकाच केंद्रकाचा, तो आयोडअमीबा. आठ केंद्रकं मोजता आली तर एंटामिबा कोलाय. मोजायचं म्हणजे फाइन फोकस वर-खाली करत मोजायचं, कारण सगळी केंद्रकं एका पातळीत नसतात. घाईत चार दिसतात आणि बाकीची चार खाली दडलेली असतात.

कोलायवरून आठवलं. एकदा रिपोर्टमध्ये 'ई. कोलाय सिस्ट' असं गेलं आणि एका तरुण डॉक्टरांचा फोन आला, अँटिबायोटिक सेन्सिटिव्हिटी कधी मिळेल? बॅक्टेरियाही ई. कोलाय आणि अमीबाही ई. कोलाय. तेव्हापासून आमच्याकडे नाव पूर्ण लिहायचं, जागा पुरत नसेल तर दुसऱ्या ओळीत.

एवढं सगळं जमलं तरी एक गाठ मायक्रोस्कोपने सुटत नाही. 10 ते 20 मायक्रॉन, चार केंद्रकं, मधोमध बारीक ठिपका, कडेला सारखं पसरलेलं क्रोमॅटिन, हे वर्णन हिस्टोलिटिकाचं आणि हेच एंटामिबा डिस्पार या दुसऱ्या अमीबाचं. पहिला आतडं पोखरतो, यकृतात गळू करतो. दुसरा नुसता राहतो. हे दोन वेगळे आहेत असं ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1925 मध्येच सांगितलं होतं. मान्य व्हायला 1993 उजाडलं. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही सांगितलं, की अशा सिस्टचा रिपोर्ट 'हिस्टोलिटिका/डिस्पार' असाच द्यावा. एंटामिबा मोशकोवस्कीचाही चेहरा तोच.

मी तसं लिहायला लागले आणि धंद्याला फटका बसला. एका डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "मला तिरकी रेघ नको, नाव पाहिजे." त्यांचे पेशंट दुसरीकडे जाऊ लागले, तिथे दोन मिनिटांत नाव मिळायचं. आमच्याकडे वर तीन नमुने मागायचे, दिवसाआड, दहा दिवसांच्या आत, कारण सिस्ट रोज पडतातच असं नाही. त्या वर्षी टेक्निशियनचा पगार दोनदा लांबला. तो सोडून गेला नाही, हे मी विसरलेले नाही. पुढे अँटिजेन चाचणी घेतली, तिने हिस्टोलिटिका वेगळा काढता येतो. पण तिला ताजा किंवा गोठवलेला नमुना लागतो, फॉर्मॅलिनमधला चालत नाही, हे पहिला किट वाया घालवल्यावर नीट डोक्यात बसलं. पीसीआर आम्ही अजूनही बाहेरच पाठवतो.

ट्रायक्रोम रंगवणं शिकायला सहा महिने गेले. जमलं की मात्र पेशीद्रव हिरवट-निळं आणि केंद्रक लालसर, असं स्वच्छ दिसतं. सिस्टमधले क्रोमॅटॉइड बार, म्हणजे आतल्या दांड्या, त्याही लाल उठतात, हिस्टोलिटिकाच्या बोथट टोकांच्या, एंटामिबा कोलायच्या चिरफाळलेल्या काडीसारख्या.

डोळ्यांच्या एका डॉक्टरांमुळे वेगळंच दालन उघडलं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या बुबुळावर अकँथअमीबा बसतो. खरवडून आणलेला नमुना पोषणद्रव्य नसलेल्या अगारवर ठेवायचा, त्यावर आधी बॅक्टेरियाचा थर पसरलेला. हा अमीबा ते बॅक्टेरिया चरत पुढे जातो आणि मागे वाट उमटते. आठवडाभर रोज प्लेट पाहायची. मणक्यातल्या पाण्यासाठीही एक नियम भिंतीवर आहे: नेग्लेरियाची, म्हणजे मेंदूत शिरणाऱ्या अमीबाची, शंका असेल तर नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, लगेच ओली स्लाइड पाहायची. ग्रॅमच्या (बॅक्टेरियासाठी रंगवलेल्या) स्लाइडवर तो पांढरी पेशी म्हणून सहज निसटतो. आमच्याकडे तो अजून एकदाही निघालेला नाही.

खरा हिस्टोलिटिका मात्र मी पोटभर पाहिला, लॅबच्या आठव्या वर्षी. नमुना दहा मिनिटांपूर्वीचा, अजून कोमट. काचेसारखं पारदर्शक बोट एकदम पुढे आलं, मागचं सगळं द्रव त्यात ओतलं गेलं, की पुन्हा त्याच दिशेला दुसरं बोट. आत तीन तांबड्या पेशी, अमीबाबरोबर फरफटत. टेक्निशियनला हाक मारली, तोही पाहत बसला. मॅक्रोफेज असा चालत नाही.

सध्या आम्ही सहा जण आहोत. नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यात वीस स्लाइडची पेटी देतो, ओळखून लिहायला. सतराव्या नंबरची स्लाइड त्या मोठ्या लॅबने मला देऊन टाकलेली आहे. आजवर चौघांनी तिच्यावर 'हिस्टोलिटिका ट्रोफोझोइट' असं लिहिलं आहे. पाचवी मुलगी परवा आली. तिने सतराच्या पुढची जागा कोरी ठेवली आणि ताजा नमुना मिळेल का, असं विचारलं.